दोन नावांची पणजी

आमच्या घरात पणजीच्या वडिलांबद्दल एकच वाक्य होतं : तो आयरिश होता, रेल्वेत होता आणि जपानला गेला. पुढे काय झालं असं कुणी विचारलं की मोठी माणसं दुसरा विषय काढायची. पणजीचे डोळे घारे होते, तेच आत्याला आले. त्यावरून तिला लहानपणी शाळेत 'मडमेची नात' म्हणायचे, म्हणून आत्याला हा विषय फारसा आवडत नसे. इथेही मी कुणाचंच नाव लिहीत नाही. आत्याने तशी अटच घातली आहे.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. बाबा इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आहेत. आई सातवीपर्यंत शिकली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती शेजारच्याच गल्लीत राहते आणि आमच्या घरावर तिचंच राज्य आहे. मला टोकियोत शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. आत्याने पेढा हातात धरून सांगितलं, "तिकडे आमच्या आजीचा बाप आहे. दिसला तर विचार, परत कधी येतोस म्हणावं."

सगळे हसले. मीही हसले. जपानमध्ये पहिलं दीड वर्ष मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात एका खोलीत मी राहत होते. सकाळी वर्ग, संध्याकाळी कोन्बिनीत बाइतो, मधल्या वेळात भाषा. कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान आणि बाइतो म्हणजे तिथलं अर्धवेळ काम, हेसुद्धा मी इथे येऊनच शिकले. कुठल्याही काउंटरसमोर उभं राहिलं की मी जवळचे कागद पुन्हा पुन्हा मोजायचे. आपल्या हातात एक कागद कमीच असणार, असं मला कायम वाटायचं.

एका रविवारी कपडे वाळत घालून झाल्यावर, काही कारण नसताना, मी त्या आयरिश माणसाचं नाव जपानी अक्षरांत लिहून इंटरनेटवर शोधलं. पणजी बापाचं पूर्ण नाव सांगायची, त्यामुळे ते घरात सगळ्यांना पाठ होतं. एक यादी सापडली. टोकियोच्या दक्षिणेला, रेल्वेने तासाभरावर, एक बंदराचं शहर आहे. तिथल्या परदेशी लोकांच्या जुन्या दफनभूमीतल्या कबरींची ती यादी होती. देखभाल करणारं कुणी नाही अशा कबरींची. त्यात त्याचं नाव, पुढे 'आयर्लंड', त्यापुढे जागेचा क्रमांक.

पुढच्या रविवारी मी तिथे गेले. टेकडीवर, पायऱ्या चढून. दगड कमरेइतका उंच होता आणि एका बाजूला कलला होता. नाव, त्याखाली 'फिटर, पूर्वी हिंदुस्थानातल्या रेल्वेत', त्याखाली आयर्लंडमधल्या एका गावाचं नाव. दगडासमोर लाकडी खुंटीवर पांढरी पाटी ठोकलेली होती. मी ती दोनदा वाचली, मग शब्दकोश काढून पुन्हा वाचली. या कबरीशी नातं असलेल्यांनी एका वर्षाच्या आत कार्यालयात यावं. कुणी आलं नाही तर अस्थी सामायिक जागेत हलवल्या जातील आणि दगड काढला जाईल. वर्षातले साडेसात महिने संपले होते.

मी तिथूनच आत्याला फोन केला आणि पाटीचा अर्थ सांगितला.  

"म्हणजे बेवारस म्हणून उचलणार?" ती म्हणाली.

"हो. कुणी आलं नाही तर."

"कुणी आलं नाही कसं? तू उभी आहेस ना तिथे?"

मग तिने फोन बाबांकडे दिला, परत घेतला आणि मला सांगितलं की तो कसाही असेल, पळालेला असेल, दारुडा असेल, पण आपली माणसं जिवंत असताना त्याला असं उचलू द्यायचं नाही. मी 'बघते' म्हणाले. बघते म्हणजे काय बघते, ते मलाही माहीत नव्हतं.

दफनभूमीचं कार्यालय फाटकाशेजारी होतं, एकच खोली. तिथले कारकून पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्यांवर काळ्या कापडी बाह्या चढवलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. माझं जपानी मधेच अडत होतं. ते थांबायचे, वाक्य पूर्ण करून द्यायचे नाहीत. शेवटी त्यांनी माझा कोसेकी मागितला. जपानमध्ये प्रत्येक घराची सरकारदरबारी एक नोंद असते, जन्म-लग्न-मृत्यू सगळं एकाच ठिकाणी. त्यालाच कोसेकी म्हणतात. आमच्याकडे असलं काही नसतं म्हटल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला, वर एक चौकोन काढला, अगदी खाली एक चौकोन काढला आणि दोन्ही मधल्या रेषेने जोडले. वरच्यात त्याचं नाव, खालच्यात माझं. मधल्या रेषेवर बोट फिरवून ते म्हणाले की प्रत्येक पायरीला एक कागद हवा, एकही जागा रिकामी चालणार नाही. त्यांचा आवाज मऊ होता, पण वाक्यात कुठेही फट नव्हती.

मी त्यांनाच विचारलं, सुरुवात कुठून करू? त्यांनी टेकडीखालच्या चर्चचा पत्ता लिहून दिला.

चर्चमध्ये जुनी रजिस्टरं सांभाळणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी मला हात धुवायला लावले, माझं पेन काढून घेतलं आणि शिसपेन्सिल दिली. मृत्यूंचं रजिस्टर लॅटिनमध्ये होतं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण त्याचं नाव मला दिसलं आणि मी उठून उभीच राहिले. आजींनी बोट ठेवून एकेक शब्द सांगितला. ताप. दवाखाना. शेवटचे संस्कार झाले. वय चाळिशीच्या आत. आणि ओळीच्या शेवटी, थोड्या बारीक अक्षरात : मागे एक मुलगी, हिंदुस्थानात.

मी ती ओळ उतरवून घेतली. आजींनी माझ्याकडून कागद घेऊन ती स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली आणि खाली चर्चचा शिक्का मारला. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या काळी ब्रिटिश राज्यातला माणूस इथे वारला की त्याच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंचा निवाडा इथली ब्रिटिश वकिलात करायची. मृत्युपत्र असेल तर ते लंडनला, सरकारी कागदांच्या संग्रहात असेल.

लंडनला पत्र लिहायचं म्हणजे मला वाटलं, आधी कुणाची तरी परवानगी लागत असेल. मी तो ईमेल अकरा वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात माफी इतकी होती की काय हवंय तेच कळत नव्हतं. शेवटी चार ओळी लिहिल्या आणि डोळे मिटून बटण दाबलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत स्कॅन. मी कोन्बिनीच्या मागच्या खोलीत, खोक्यावर बसून उघडलं.

मृत्युपत्र अर्ध्या पानाचं होतं, दवाखान्यात सांगून लिहवलेलं. आपली हत्यारं आणि घड्याळ विकावं आणि जे येईल ते इगतपुरीला, आपल्या मुलीला पाठवावं. मुलीचं नाव होतं, ख्रिस्ती नाव. ते मी कधीच ऐकलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं की ती तिच्या आईजवळ राहते. आईचं नाव नव्हतं. 'बायको' हा शब्दही नव्हता.

हे मी आत्याला सांगू की नको, यावर दोन दिवस विचार केला. मग सांगितलं. ती म्हणाली, "बायको नाही म्हणाला?"

"नाही."

"पण मुलगी म्हणाला ना?"

"हो. 'माझी मुलगी.' दोनदा."

"मग लिही पुढचं," ती म्हणाली. घड्याळाचे पैसे पोचले की नाही, हे तिनेही विचारलं नाही. ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

आता बाप्तिस्म्याची नोंद हवी होती. ती इगतपुरीच्या जुन्या चर्चमध्ये असली तर असणार. बाबा रोज त्या चर्चवरून शेडला जातात, पण चाळीस वर्षांत त्यांनी आत पाऊल ठेवलं नव्हतं. चप्पल काढायची की नाही, इथपासून त्यांची शंका होती. आत्याने निघताना त्यांना बजावलं म्हणे, "कागद बघून ये. स्वतः बाप्तिस्मा घेऊन येऊ नकोस."

बाबा चप्पल हातात घेऊन आत गेले. फादरनी त्यांना खुर्ची दिली, रजिस्टर काढलं, दोघांनी मिळून दुपारभर पानं उलटली. संध्याकाळी फोटो आला. एक नाही, तीन. पहिले दोन हलले होते. मुलीचं नाव तेच. बापाचं नाव तेच, धंदा फिटर. बाबांनी फोटोखाली लिहिलं होतं, "तो पण फिटर होता, हे तू सांगितलं नव्हतंस." मी दगडाचा फोटो पाठवला होता, पण इंग्रजी वाचायचं बाबा सोडून देतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पुढचे कागद सोपे होते. आजोबाही रेल्वेतच होते. त्यांच्या नोकरीच्या कागदावर वारस म्हणून त्यांच्या आईचं, म्हणजे पणजीचं नाव होतं. बाबांचा जन्माचा दाखला होता, माझा होता. मी सगळं जपानीत भाषांतर केलं, शिक्के मारून आणले आणि वर एक सुंदर वंशावळ काढली. जिन्यासारखी, पायरीपायरीने. आई, आजी, आत्या, सगळ्यांना त्यात जागा दिली. पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ते सगळं घालून मी पुन्हा बंदराच्या गावी गेले तेव्हा दीड महिना उरला होता. गाडीत उभ्याने मी फाइल पोटाशी धरली होती.

कारकुनांनी एकेक कागद डावीकडून उजवीकडे ठेवला. पेन्सिलीने वंशावळीवर बारीक खुणा केल्या. दगड, चर्च, मृत्युपत्र, बाप्तिस्मा : चार टिकमार्क. मग पेन्सिल थांबली.

ते म्हणाले, "या कागदावरची मुलगी ही नाही." मग वंशावळीवर बोट ठेवलं. "इथे दुसरी बाई आहे."

"तीच आहे," मी म्हणाले. "हे लग्नानंतरचं नाव."

"आडनाव बदलतं, ते मला कळतं. पण हे पहिलं नाव आहे."

"तेही बदलतं. म्हणजे, नवरा लग्नात नवीन नाव ठेवतो. ताटात तांदूळ पसरून त्यात लिहितात."

त्यांनी वंशावळ पुन्हा पाहिली. "आणि या तुमच्या आत्या?"

"त्यांचंही."

"आई?"

"आईचंही. आजीचंही." बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी सगळ्या बायका सासरच्या नावाने लिहिल्या होत्या. आम्ही लिहितोच तशा. पणजीचं आधी काही दुसरं नाव असणार, हे मी मृत्युपत्रात वाचलं होतं, बाप्तिस्म्यात वाचलं होतं, तरी वंशावळ काढताना मला खटकलंसुद्धा नव्हतं. घरात तिला ज्या नावाने ओळखतात तेच तिचं नाव, यात मला शंका नव्हती.

कारकुनांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "म्हणजे चार बायकांची आठ नावं," ते म्हणाले. "तुमच्याकडे लग्नात माणूसच बदलतो का?"

 बाप्तिस्म्याची मुलगी एका बाजूला होती आणि आजोबांची आई दुसऱ्या बाजूला. त्या दोघी एकच होत्या, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. पणजीच्या लग्नाची नोंद कुठेच झाली नव्हती. कारकुनांनी सगळे कागद त्याच क्रमाने फाइलमध्ये परत घातले आणि म्हणाले की दीड महिना आहे, तुम्ही आणाल. ते असं का म्हणाले मला माहीत नाही. परतीच्या गाडीत मला आमच्या कॉलेजच्या ऑफिसची खिडकी आठवत राहिली, जिथे पहिल्या वर्षी एकेका कागदासाठी मला तीनदा परत पाठवलं होतं. तेव्हा मी दर वेळी रडले होते. या वेळी रडू आलं नाही. राग आला, आणि तो नेमका कोणावर ते ठरवता येईना.

आत्याला सांगितलं तर तीच चिडली. "मग? बाईचं नाव बदलणारच. त्यात विचारायचं काय?"

"त्यांना पुरावा हवाय आत्या. आधीचं नाव हे आणि नंतरचं ते."

"तुझ्या आईला विचार तिचं आधीचं नाव, तिला तरी चटकन आठवतंय का बघ," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. ती धापा टाकत होती, माळ्यावरून उतरली होती. "पापडाच्या डब्यावर आहे," ती म्हणाली.

पणजीच्या लग्नात तिच्या आईने तिला एक पितळी डबा दिला होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात, तसं घालून. त्या डब्यात आत्या गेली तीस वर्षं पापड ठेवत होती. लहानपणी तिने तिच्या आजीला, म्हणजे पणजीलाच विचारलं होतं, हे कोणाचं नाव? आजी म्हणाली होती, माझंच, आईच्या घरचं. आत्याला तेव्हा ते नाव विचित्र वाटलं होतं आणि मग ती विसरून गेली होती. मी मृत्युपत्रातलं नाव फोनवर सांगितलं होतं, तेव्हाही तिला ओळख पटली नव्हती, कारण मी ते इंग्रजी वळणाने म्हटलं होतं.

बाबांनी चिंच लावून डबा घासला. तासाभरात व्हिडिओ कॉल. डब्याच्या पोटावर, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली मराठी अक्षरं. वर पणजीचं ख्रिस्ती नाव, आणि पुढे 'हीस आईकडून'. त्याच्या खाली, दुसऱ्या हाताची, मोठी, वाकडी अक्षरं : सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सासरच्यांनी डबा टाकला नव्हता, की पहिलं नाव खोडलंही नव्हतं. त्याखाली स्वतःचं घालून घेतलं होतं.

मला जागेवर बसवेना. खोली इतकी लहान की चार पावलांत भिंत येते, मी भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिले. मग बाबांना सांगितलं, डब्यावर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकी घासा. लहान मुलं नाण्याचं करतात तसं. फोटोबरोबर तो ठसाही पाठवा. बाबांनी शेडमधल्या नकाशांचा कागद आणला. त्यांचा हात या कामात पक्का आहे. पोस्टाने पाकीट आलं तेव्हा ठशात एकही ठिपका सुटलेला नव्हता.

तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा सतरा दिवस उरले होते. कारकुनांनी ठसा दोन्ही हातांनी धरला. जपानमध्ये जुन्या शिलालेखांचे असे ठसे घेतात, त्यांनी लगेच ओळखलं. मी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, मग बाप्तिस्म्याचा कागद शेजारी ठेवला, मग आजोबांच्या नोकरीचा. ते आतल्या खोलीत साहेबांकडे गेले. मला आत बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी पायांकडे बघत बसले. नियमात 'कागद' लिहिलंय आणि हा डबा आहे, असं ते म्हणतील, तर त्याला काय उत्तर द्यायचं, ते मी मनात जुळवत होते. आणि मला जाणवलं की या वेळी मी उत्तर जुळवते आहे, माफी नाही.

ते बाहेर आले आणि उभ्यानेच बोलले.

"ही कबर कोणाची, हे आम्हाला दगडावर कोरलेल्या नावावरून कळतं. दुसरा पुरावा आमच्याकडेही नाही. तेव्हा धातूवर कोरलेलं नाव आम्ही नाकारू शकत नाही."

मग त्यांनी वंशावळीवर पाचवा टिकमार्क केला, आणि पटापट सहावा, सातवा. सगळ्यात खालच्या चौकोनापर्यंत.

मी वाकून आभार मानले, जरा जास्तच वेळ वाकले असेन. त्यांनी एक जाड वही काढली. देखभाल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहायचं होतं. मी एकेक अक्षर सुटं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, आणि पेन बंद करण्याआधी विचारलं, "हे नाव लग्नानंतर बदलेल का? तसं असेल तर कळवावं लागेल."

"नाही," मी म्हणाले. "हेच राहील."

आत्या किंवा आई यावर काय म्हणतील, ते मी त्या क्षणी मनात आणलं नाही.

कारकून हातोडी घेऊन माझ्याबरोबर वर आले. पाटीची खुंटी तीन फटक्यांत सैल झाली आणि त्यांनी ती उपटून काखेत घेतली. मला एक बादली, एक खुरपं आणून दिलं आणि ते खाली गेले. मी दगड धुतला. त्यावरची अक्षरं ओली झाली तशी नीट वाचता यायला लागली. मग घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तिघं एका फोनमध्ये दाटीवाटीने बसले होते. बाबांनी मला 'फिटर' हा शब्द दाखवायला सांगितला. मी बोट ठेवून दाखवला. मग त्यांनी आत्याला तो शब्द दाखवला, आणि आईला, जणू त्यांनीच शोधला होता.

आत्याने मला फोन दगडाच्या चारही बाजूंनी फिरवायला लावला. मागची बाजू, पाया, शेजारची कबर. ती घारे डोळे बारीक करून बघत होती.

"डाव्या कोपऱ्यातलं गवत राहिलंय," ती म्हणाली. "मुळापासून काढ, नुसतं वरवर नको."

मी फोन दगडाला टेकवून ठेवला आणि खुरपं घेऊन खाली बसले.